आपकी कोई हरकत हो तो

रायपूरची दुपार मले कधी पुरती खरी वाटलीच नाही. जेवणं झाली, भांडी पालथी पडली की सारा पारा, म्हणजे आमची इथली वस्ती, झोपी जायचा, अन् मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन बसायची. दारासमोर एक बोळ अन् बोळीच्या पलीकडे तलाव. त्यावर ऊन असं पडलेलं असायचं की पाणी कुठं संपते अन् आभाळ कुठं सुरू होते ते कळत नसे. सिलतऱ्याकडून वारा आला की कारखान्यांची बारीक काळी भुकटी यायची अन् वाळत घातलेल्या चादरींवर हलक्यानं बसायची. मी पाहत राहायची. तांदूळ निवडून कधी व्हायचे नाहीत, कारण हात थांबलेला असायचा अन् मले ते माहीतही नसायचं.

मूल नव्हतं. हे एकदाच सांगून टाकते, पुन्हा पुन्हा रडगाणं नको. दवाखाने झाले, उपास झाले, साऱ्या जगाचे सल्ले ऐकून झाले. शेवटी मी म्हटलं, पुरे बाप्पा. पण दुपारचं काय करू? नवरा सिंचाई विभागात फायलींसोबत, घरात मी एकटी. मग त्या उंबऱ्यावर बसून मी घर भरून टाकायची. या खोलीत पाळणे, त्या खोलीत सतरंजी, ओसरीत चिमुकल्या चपला, एक सुलटी, एक उलटी. कोणाचं नाक वाहून राहिलं, कोणाले शी आली, कोणी दुसऱ्याचा गाल ओरबाडला. डोळे उघडे ठेवून मी हे सारं पाहायची, अन् आत गॅसवर दूध उतू जायचं.

तेव्हा राज्य नवंनवं होतं. एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं. काल ज्या बंगल्यात म्हशी बांधलेल्या पाहिल्या, त्याच्यावर आज विभागाची पाटी. भोपाळहून, बिलासपूरहून, आमच्या नागपुराकडून बदलून आलेल्या बाया घर शोधत हिंडायच्या, कडेवर लेकरू अन् खांद्यावर पर्स. त्यातलीच एक नागपूरची पोट्टी आमच्या बोळीत राहायले आली. एक दिवस सकाळी दारात उभी. "ताई, माझी बाई आज आलीच नाही. आजच्या दिवस हिले ठेवता का हो?" अन् माझं उत्तर यायच्या आधीच तिनं आपली लेक माझ्या हातात दिली. ती पोरगी माझ्या खांद्यावर झोपली. संध्याकाळपर्यंत मी तशीच बसून होती, मान आखडली तरी हलली नाही. त्या रात्री नवऱ्याले म्हटलं, "मी पाळणाघर काढते."

नवऱ्याचा जन्म रायपूरचा. आजोबा रेल्वेत म्हणून आले अन् इथलेच झाले. त्याले मराठी सारी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. "यहाँ उसको झूलाघर बोलते हैं," तो म्हणाला. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मले निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, दफ्तरात घेऊन गेला. असा आहे तो, बोलत नाही, करते.

तिथले बाबू चांगले होते. म्हणाले, राहत्या घरात असं काही काढायचं तर परवानगी लागते, अन् परवानगीच्या आधी लगतच्या घरमालकांना कळवावं लागते. "अगल-बगल और सामने, तीनों को लिखकर सूचना दीजिए, मैडम. तीनों का लिखित जवाब लाइए. एक ने भी मना किया तो फाइल यहीं सो जाएगी." माझं घर भरते की नाही, ते आता तीन शेजाऱ्यांच्या हातात होतं.

परत येताना स्कूटरवर नवरा म्हणाला, "चिट्ठी मैं लिख देता हूँ."

"काहून? मले लिहिता येत नाही का? शाळेत हिंदी होती मले."

"हव, थी. इसीलिए तो डर लग रहा है."

झालं! एवढं बोलल्यावर मी त्याले लिहू देते होय? घरी आल्याबरोबर बसली. आता पाहा, मी यवतमाळची. आमच्याकडे नळ घ्या, दुकान काढा, घर बांधा, साऱ्याले एकच कागद लागते, ना-हरकत. लहानपणापासून हाच शब्द कानावर. बाबांच्या तोंडी तर उठता-बसता, "तुमची हरकत नसेल तर." किती अदबीचा शब्द! तर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "हम अपने घर में झूलाघर खोलने जा रहे हैं. इस बारे में आपकी कोई हरकत हो तो कृपया साफ-साफ लिखकर दें." तीन प्रती काढल्या. वाचून इतकी खूश झाली की नवऱ्याले दाखवलीसुद्धा नाही.

अन् नुसता कागद नेऊन कसा द्यायचा? आमच्यात घरोघरी सांगायले जायचं म्हणजे अक्षत घेऊन जायचं. हळदीत तांदूळ भिजवले, वाटीत कुंकू घेतलं, चांगलं लुगडं नेसली अन् निघाली. लग्नाचं आवतण द्यायले निघाल्यासारखी. माझ्या डोक्यात तर लग्नच होतं ते.

डावीकडच्या घरी हार्डवेअरचं दुकान असलेल्या शेठची बायको राहायची, तिले मी भाभी म्हणायची. ती कागद वाचता वाचता लाल झाली. मी कुंकू लावलं, तिनं लावून घेतलं, पण माझ्याकडे पाहीना. म्हटलं, लाजली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या दारात, हातात जास्वंदाची परडी. "दीदी, लिखने को मत बोलो, इनको पता चलेगा तो नाक काट लेंगे. सिर्फ पूजा के लिए तोड़ती थी, वो भी जो डाल हमारी तरफ झुकी है." वर्षभर मी आमच्या अंगणातल्या त्या झाडाले शिव्या घालत होती की मेलं फुलतच नाही म्हणून! पण माझ्या पाळणाघराचा अन् जास्वंदाचा संबंध काय, ते मले समजेना. "वो जाने दो भाभी," मी म्हटलं, "हरकत का लिख के दो." ती रडवेली झाली. शेवटी तिनं लिहिलं, "आगे से कोई हरकत नहीं होगी." मले वाटलं, वा, पुढचीही सोय झाली.

समोरचं घर कुलूपबंद होतं. त्याचे मालक अभनपुरात धानाचा व्यापार करायचे. मी चिकटवून दिलेलं पाकीट नवऱ्यानं बसनं जाऊन पोचवलं, त्यांनीही पाकीट बंद करून उत्तर पाठवलं. "मैं दो साल से रायपुर वाले मकान में आया ही नहीं, तो मेरी ओर से हरकत का सवाल ही नहीं उठता." मी म्हटलं, बघा, किती सज्जन माणूस. सवालच उठत नाही म्हणते.

उजवीकडे बहनजी. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. त्यांची अन् आमची मधली भिंत एकच. सकाळी भिंतीवरून त्यांचा फक्त पांढरा अंबाडा दिसायचा, तुळशीले पाणी घालताना. मी या घरात राहायले आली तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "नमस्ते बहनजी" अन् "हव, नमस्ते", पुढं काही नाही. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मग चष्मा काढून पुसला अन् पुन्हा वाचला. माझ्याकडे असं पाहिलं की माझा कुंकवाचा हात हवेतच राहिला. "कल जवाब मिल जाएगा," म्हणाल्या अन् दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर विटेखाली दाबलेला कागद होता. फळ्यावरच्यासारखं अक्षर, काना-मात्रेची चूक नाही. एकच ओळ. "मेरी कोई हरकत नहीं थी."

"थी काहून?" मी नवऱ्याले विचारलं. "है पाहिजे ना? मास्तरीण असून!"

त्यानं कागद पाहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "तूने इनको लिखा क्या था?"

"जे लिहायचं ते लिहिलं. जळू नको."

दोन-चार दिवस मी ढगातच होती. दुपारी उंबऱ्यावर बसली की तलावावर धुकट ऊन, पलीकडच्या काठावर धुणाऱ्या बाया, त्यांच्या कपडे आपटण्याचा आवाज हात खाली गेल्यावर कितीतरी वेळानं यायचा. मी पडद्यांचा रंग ठरवून राहिली होती. पिवळा. पिवळ्या पडद्यांतून येणाऱ्या उजेडात लेकरं झोपलेली कशी दिसतील, ते मी इतकं पाहिलं की शेवटी ते आठवणीसारखं वाटायले लागलं.

मग दफ्तरात गेलो. बाबूंनी माझी प्रत वाचली, मग उत्तरं वाचली. पहिल्यानं मिशीत हसले, मग खोकले, मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाले बोलावून दाखवलं. दोघंही डोळे पुसत होते. "मैडम," ते म्हणाले, "यहाँ अनापत्ति चाहिए. ये तो आपने मोहल्ले वालों से जुर्म कबूल करवाया है!"

तेव्हा नवऱ्यानं मले समजावून सांगितलं. आपल्या ना-हरकतीले हिंदीत अनापत्ति म्हणतात, अन् हिंदीत हरकत म्हणजे उपद्व्याप, वाईट वागणूक, काळी करतूत. अन् मी घरोघरी कुंकू लावून विचारत फिरली होती की तुम्ही काय काय काळं केलं ते साफ-साफ लिहून द्या! इतकी वर्षं रायपुरात राहून, बाजार करून, भांडणं करून हा एक शब्द माझ्या वाट्याले कसा आला नाही, देव जाणे. ध चा मा झालेला इतिहासात वाचला होता, मी तर शब्द न बदलताच करून दाखवला. लाज वाटली, पण हसूही आवरेना. स्कूटरवर मागं बसून मी नवऱ्याच्या पाठीवर डोकं टेकवून हसत होती, भाभीचं तोंड आठवत होती, जास्वंद आठवत होती. अन् मग ती ओळ आठवली. मेरी कोई हरकत नहीं थी. हसू तिथंच थांबलं.

घरी न जाता मी आधी भाभीकडे गेली. कान धरून माफी मागितली, ती पोट धरून हसली, चट्कन अनापत्ति लिहून दिली. वर म्हणते, "अब तो फूल रोज तोड़ूँगी." मग मी बहनजींची ओळ सांगितली. भाभी हसायची थांबली. "आपको किसी ने बताया नहीं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही हे घर घेतलं त्याच्या आधीची गोष्ट. बहनजींचा नातू होता, नुकता बोलायले लागलेला. मुलगा अन् सून नोकरीवर जायचे, पोरगा दिवसभर आजीजवळ. एका दुपारी त्याले थोपटता थोपटता बहनजींचाच डोळा लागला. मागच्या दाराची कडी आतून सैल होती. पोरगा बोळीत गेला अन् बोळीपलीकडे तलाव. मुलगा-सून भिलाईले निघून गेले, पुन्हा आले नाहीत. अन् पारा बोलत राहिला. तोंडावर कोणी काही म्हटलं नाही, पाठीमागे सारे म्हणत होते, बुढ़िया की लापरवाही.

अन् मी, लेकरांचं घर काढणारी, त्यांच्या दारात जाऊन म्हणत होती की तुमची काही करतूत असेल तर लिहून द्या. अवो माय! कराले गेली गणपती अन् झाला मारुती, असं हसून सोडून द्यायची गोष्ट नव्हती ही.

बहनजींनी दार उघडलं. आत खूप अंधार होता, खिडक्या लावलेल्या. मी सुरू झाली मराठीतच, मग सावरली. "बहनजी, गलती हो गई. हमारी मराठी में हरकत माने आपत्ति. मैं तो बस पूछ रही थी कि झूलाघर से आपको कोई अडचण... कोई दिक्कत तो नहीं."

बहनजींनी मलेच उलटं विचारलं. "हरकत माने आपत्ति?"

"हव, बहनजी."

"पैंतीस साल," त्या खाटेवर टेकत म्हणाल्या, "पैंतीस साल मैं क्लास में पूछती रही, ये किसकी हरकत है? कागज़ पढ़ा तो लगा, अब मेरी बारी आई." मग त्यांनी पदर नीट केला, अन् आवाज एकदम शाळेतला झाला. "तो अब पूछो. ठीक शब्द से."

मी पोरीसारखी उभी राहिली. "आपको कोई आपत्ति है?"

"है."

आपत्ति हा शब्द माझ्या कानात हिंदीत आला अन् मनात मराठीत पडला. आमच्याकडे आपत्ती म्हणजे कोसळलेलं संकट. त्यांची आपत्ती दोन्ही भाषांत खरी होती. पण खोटं काहून बोलू, त्या क्षणी मले रागही आला. माझे पिवळे पडदे, माझे पाळणे, इतक्या दुपारींचं माझं भरलेलं घर, त्या एका अक्षरानं सारं बसल्या जागी विझलं.

"बच्चे दिखेंगे," बहनजी म्हणाल्या. "आवाज़ आएगी. और मैं दिन भर यहाँ बैठी गिनूँगी कि पूरे हैं कि नहीं. मुझसे नहीं होगा."

भांडायचं असतं तर भांडली असती, भांडणात मी कोणाले ऐकत नाही. पण त्या बाईचे हात मांडीवर असे पडले होते, त्यांत काही धरायची इच्छाच राहिली नाही असे. मी म्हटलं, "तो नहीं खोलूँगी." कसं म्हटलं ते अजून मले समजत नाही. म्हटलं अन् तिथंच जमिनीवर बसली. बाहेर दुपार होती, अंधाऱ्या खोलीत दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आली होती अन् ती हळूहळू सरकत माझ्या पायापर्यंत आली. कोणीतरी लांब कपडे आपटत होतं.

"तुम्हारे यहाँ भी पीछे का दरवाज़ा है न?" बहनजींनी विचारलं.

"है."

"उसे चुनवा दो. कुंडी नहीं, ताला नहीं. ईंट."

माझा जीव त्या दारात होता. तलाव, ऊन, वारा, माझं सारं दुपारचं आयुष्य त्या उंबऱ्यावर. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, तुम्ही कोण मले सांगणारे? मी म्हटलं, "हव."

त्यांनी कोरा कागद घेतला. "मुझे कोई आपत्ति नहीं है," असं लिहिलं, सही केली, पुन्हा वाचलं अन् माझ्या हातात दिलं. अक्षर तसंच, फळ्यावरचं.

अभनपूरच्या मालकांचा दुसरा कागद आला, फाइल पुढं सरकली. गवंडी आला त्या दिवशी मी मुद्दाम उंबऱ्याशी उभी राहिली. एकेक थर चढत गेला. आधी बोळ गेली, मग काठ गेला, मग धुणाऱ्या बाया गेल्या. शेवटी एका विटेएवढ्या भोकात नुसतं चमकणारं पाणी राहिलं, अन् गवंड्यानं त्याच्यावर गिलावा मारून वीट बसवली. मी खूप रडली. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला अन् "रोज शाम को तालाब घुमा लाऊँगा" म्हणाला. एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मग पाळणाघर उघडलं. पहिल्या दिवशी सात लेकरं आली. सारी एकदम रडली, एकदम जेवली, एकदम झोपली. पिवळ्या पडद्यांचा उजेड त्यांच्या अंगावर पडला तेव्हा मी स्वतःले चिमटा काढला, खरंच. संध्याकाळी एकेकाची आई आली, स्कूटीवर, रिक्शात, कोणी पायी. शेवटची ती नागपूरची. तिची लेक माझा पदर सोडीना.

घर रिकामं झालं अन् मी अंगणात चादरी काढत होती. भिंतीपलीकडून आवाज आला. "सब गए?"

"हव बहनजी, सब गए."

"वो भी, जो सबसे ज़्यादा रो रहा था?"

"उसकी माँ ले गई."

"घर पहुँच गए?"

"पहुँच गए होंगे."

"होंगे नहीं," त्या म्हणाल्या.

मी थकली होती, पाय भरून आले होते, अन् अर्धा क्षण वाटलं, आता काय म्हातारीच्या समाधानासाठी गावभर हिंडू? पण आत गेली. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना फोन लावले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या घरी नवरा स्कूटर घेऊन गेला, एक शब्द न बोलता. तो परत आला तेव्हा अंधार पडला होता. मी भिंतीशी गेली. बहनजी तिथंच उभ्या होत्या. इतका वेळ त्या हलल्याच नव्हत्या.

"सब पहुँच गए, बहनजी," मी म्हटलं. "सब बच्चे अपने-अपने घर पहुँच गए."

मग भिंतीवर त्यांचा हात आला, नुसती बोटं, वरच्या विटेले घट्ट धरलेली.

"एक बार और कहो."

मी म्हटलं. मग त्यांनी न विचारताच आणखी एकदा म्हटलं.